रात्रीला ‘द’ का नाही?

सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. मराठीत चौघींच्या शेवटी एकच ‘ई’ येते आणि काम भागते. इंग्रजीत पहिल्या तिघी ‘इन द मॉर्निंग’, ‘इन दी आफ्टरनून’, ‘इन दी ईव्हनिंग’ अशा एका रांगेत येतात आणि चौथी मात्र ‘ॲट नाइट’ म्हणत बाजूला होते. ‘इन’ही गेला, ‘द’ही गेला. मराठी शाळांतून हे चार तुकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले आहेत. एखाद्या चौकस मुलाने ‘रात्रीनेच काय घोडे मारले?’ असे विचारले, तर ‘इंग्रजीत तसंच असतं’ एवढ्या उत्तरावर तास संपतो.

ते उत्तर अर्धेच खरे. वेळ सांगताना इंग्रजी भाषा ‘द’ कुठे लावते आणि कुठे गाळते, यात थोडी सवय आहे, थोडे जुन्या काळाचे अवशेष आहेत. पण बराचसा भाग चक्क तर्काला धरून आहे. त्यातही जो तर्क सगळ्यात अवघड म्हणून ओळखला जातो, तो मराठी माणूस स्वतःच्या भाषेत दिवसाकाठी अनेकदा वापरतो आणि कधी चुकत नाही.

‘द’ हा इंग्रजीतला सर्वाधिक वापरला जाणारा शब्द. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरांतून ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुमारे दहा लाख शब्दांचा एक संग्रह तयार केला. त्यात हा शब्द जवळजवळ सत्तर हजार वेळा आला आहे, म्हणजे दर चौदा-पंधरा शब्दांमागे एकदा. मराठीत, हिंदीत, रशियनमध्ये, लॅटिनमध्ये असा शब्दच नाही आणि त्या भाषांचे काही अडलेले नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ‘द’ म्हणजे विनाकारण लादलेला टोल वाटतो. भरला नाही तरी गाडी पुढे जातेच की! जाते, हेही खरे. ‘आय विल कम इन मॉर्निंग’ असे म्हटल्याने कुणाचा गैरसमज होत नाही. पण काही ठिकाणी एका ‘द’मुळे अख्खे वर्ष इकडचे तिकडे होते, आणि ती ठिकाणे नेमकी वेळेच्या बोलण्यात आहेत.

हा ‘द’ मुळात बोट दाखवणारा शब्द. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या दर्शक सर्वनामाची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपे साधारण ‘से’, ‘सेओ’ आणि ‘थॅट’ अशी होती. ज्याने शाळेत संस्कृत घेतले असेल त्याला सः, सा, तत् आठवेल, आणि तसे आठवणे बरोबरच आहे: ही दोन्ही त्रिकुटे एकाच प्राचीन भाषेतून उतरलेली आहेत. मराठीतले तो, ती, ते हेही त्याच ‘तद्’च्या वंशातले. म्हणजे ‘द’ आणि ‘तो’ हे लांबचे का होईना, भाऊबंद. इंग्रजीत त्या शब्दाची लिंगे आणि विभक्त्या झिजत झिजत एकच ‘द’ उरला आणि तो अनेक नामांपुढे सक्तीचा झाला. मराठीत ‘तो’ अजूनही गरज पडेल तेव्हाच बोट दाखवतो. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या,’ असे आजी सांगते तेव्हा पहिल्या वाक्यातला ‘एक’ आणि दुसऱ्यातला ‘त्या’ हे इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ या आर्टिकलांचेच काम करत असतात. आजीला हे सांगायला कोणी व्याकरणाचे पुस्तक दिलेले नसते.

उच्चाराचे एवढे सांगून टाकू: पुढचा शब्द स्वरध्वनीने सुरू होत असेल तर ‘द’चा ‘दी’ होतो. म्हणून ‘द मॉर्निंग’, पण ‘दी ईव्हनिंग’. ‘दी अवर’, कारण तिथे ‘एच’ मुका आहे. आणि ‘द इअर’, कारण ‘इअर’च्या आरंभी ‘य’ आहे, मराठीत लिहिताना तो दिसत नसला तरी.

आता वेळेकडे. काळाचे जे भाग नावाने ओळखले जातात त्यांना इंग्रजी भाषा सहसा ‘द’ लावत नाही. मंडे, जून, दिवाळी, १९४७. नाव घेतले की माणूस ओळखला, मग बोट कशाला दाखवायचे? ‘ऑन मंडे’, ‘इन जून’, ‘इन १९४७’. नाव नसून नुसता तुकडा असेल तर मात्र ‘द’ हवा, कारण तुकडा कशाचा तरी असतो. मॉर्निंग, आफ्टरनून, ईव्हनिंग हे दिवसाचे तुकडे. बिगिनिंग, मिडल, एंड हे कशाचेही तुकडे. शतक आणि दशक ही कालगणनेची कापलेली लांबी: ‘इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’, ‘इन द नाइन्टीज’. म्हणूनच ‘इन १९४७’ला ‘द’ नाही, पण मध्ये ‘इअर’ हे सामान्यनाम घुसले की लगेच ‘इन द इअर १९४७’ म्हणावे लागते. ‘इन जून’, पण ‘इन द मंथ ऑफ जून’.

नावालाही ‘द’ लागतो, पण एकाच नावाचे अनेक असतील आणि त्यांतला एक निवडायचा असेल तेव्हा. सोमवार दर आठवड्याला येतो. दिवाळीनंतरचा सोमवार एकच. तो ‘द मंडे आफ्टर दिवाली’. मराठीतही इथे आपोआप ‘त्या’ येतो: ‘सोमवारी बँक उघडी असते’, पण ‘ज्या सोमवारी पाऊस कोसळला त्या सोमवारी’. असा ‘ज्या... त्या’ मनात उमटला की इंग्रजीत ‘द’ लिहायला हरकत नाही. हा ताळा फार कमी वेळा दगा देतो.

उलटा प्रकारही आहे. ‘मॉर्निंग’पुढे वाराचे नाव आले की तुकड्याला नाव मिळते आणि ‘द’ निघून जातो: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘टुमॉरो मॉर्निंग’, ‘यस्टर्डे ईव्हनिंग’, ‘धिस मॉर्निंग’ यांना तर ‘द’ही नाही आणि ‘इन’ किंवा ‘ऑन’ही नाही. भारतात सर्रास ऐकू येणारे ‘टुडे मॉर्निंग’ हे ‘आज सकाळी’चे शब्दशः रूप, इंग्लंड-अमेरिकेत त्याला ‘धिस मॉर्निंग’ म्हणतात. तसेच ‘यस्टर्डे नाइट’ऐवजी ‘लास्ट नाइट’. भारतीय वाचकाला पहिली रूपे मुळीच खटकत नाहीत आणि भारतात बोलताना खटकायचे कारणही नाही. परदेशी माणसाला अर्ज किंवा ईमेल करताना दुसरी रूपे वापरावीत, इतकेच.

मग रात्रीचे काय?

‘ॲट’ हा इंग्रजीत बिंदूचा शब्द. ‘ॲट फाइव्ह’, ‘ॲट नून’, ‘ॲट मिडनाइट’, ‘ॲट डॉन’, ‘ॲट डस्क’, ‘ॲट सनराइज’. हे सगळे काळातले ठिपके, आणि ठिपक्यांना नावे असल्यामुळे ‘द’ नाही. लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांच्या १९७५ सालच्या गाजलेल्या पुस्तकाचे नाव ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ आहे, ‘ॲट द मिडनाइट’ नाही. मराठीतही ठिपक्यांसाठी जरा वेगळी रूपे आहेत. ‘तिन्हीसांजेला’, ‘मावळतीला’, ‘बाराच्या ठोक्याला’ असे म्हणताना तो ‘ला’ नेमकेपणाकडे झुकतो. सकाळ-दुपार-संध्याकाळ हे वावरण्याचे, कामाधंद्याचे पट्टे असतात, त्यात शिरता येते, म्हणून ‘इन’. रात्र हा दिवे मालवल्यानंतरचा एक अखंड काळ. इंग्रजीने तिला तुकडा न मानता ठिपक्यांच्या पंगतीत बसवले.

यात इतिहासाचाही हात आहे. ‘बाय डे’, ‘बाय नाइट’ ही जोडी जुन्या इंग्रजीतही अशीच, ‘द’शिवाय होती. तेव्हा नामापुढे ‘द’ लावण्याची सक्ती नव्हती. ‘टुडे’ आणि ‘टुनाइट’ हेही मुळात ‘टु’ अधिक ‘डे’, ‘टु’ अधिक ‘नाइट’ असे दोन शब्द, मध्ये ‘द’ नसलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील पुस्तकांत ते मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले सापडतात. नंतर ‘द’ची सक्ती आली तरी घासून गुळगुळीत झालेल्या या जोड्यांना ती लागू झाली नाही. रात्रीला ‘द’ नसणे हा काही निसर्गनियम नव्हे, हे शेजारी पाहिले की कळते. इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन. तिथे रात्रीसाठी ‘इन देर नाख्त’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘इन द नाइट’. स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीत तर ‘द डे’ म्हणजे आज, ‘द मॉर्न’ म्हणजे उद्या आणि ‘द निख्त’ म्हणजे आज रात्री. त्यांनी दर्शकाचे बोट थेट आजच्या दिवसावर ठेवले.

इंग्रजीत ‘इन द नाइट’ मुळीच चालत नाही, असे मात्र कुणी समजू नये. चालते, पण अर्थ बदलतो. ‘इट रेन्स ॲट नाइट’ म्हणजे इथे रात्री पाऊस पडतो, रोजचेच आहे. ‘इट रेन्ड इन द नाइट’ म्हणजे काल आपण झोपलेलो असताना कधीतरी पाऊस पडून गेला. मराठीत याला सुरेख शब्द आहे: रात्रीतून. ‘रात्री पाऊस येतो’ आणि ‘रात्रीतून पाऊस येऊन गेला’ यांतला फरक ज्याला कळतो त्याला ‘ॲट नाइट’ आणि ‘इन द नाइट’ वेगळे शिकवावे लागत नाही. आणि एखादी विशिष्ट रात्र दाखवायची असेल तर ‘ॲट’ जाऊन ‘ऑन’ येतो, सोबत ‘द’ परततो: ‘ऑन द नाइट ऑफ १४ ऑगस्ट १९४७’.

अशाच दोन रूपांची दुसरी जोडी म्हणजे ‘बाय डे’ आणि ‘बाय द डे’. ‘ही वर्क्स बाय डे’ म्हणजे तो दिवसा काम करतो. ‘ही इज पेड बाय द डे’ म्हणजे तो रोजावर आहे. मापाने मोजून काही दिले-घेतले जाते तिथे इंग्रजीत ‘बाय द’ येते: तासावर गाडी घेतली तर ‘बाय दी अवर’, महिन्याच्या बोलीवर खोली घेतली तर ‘बाय द मंथ’. औषधाच्या पाकिटावरच्या ‘ट्वाइस अ डे’मधला ‘अ’ मात्र या कुळातला नाही. तो आर्टिकलच्या वेषात वावरणारा जुना ‘ऑन’ आहे, झिजून ‘अ’ झालेला. ‘दिवसातून दोनदा’मधल्या ‘तून’चेच काम तो करतो.

इथवरच्या गोष्टी पाठांतरानेही निभावतात. खरी फसगत होते ती ‘नेक्स्ट’ आणि ‘लास्ट’ या दोन शब्दांशी. तिथे प्रश्न नावाचा नसतो. सांगणारा काळात कुठे उभा आहे, हा असतो.

मराठीत ‘उद्या’ आणि ‘दुसऱ्या दिवशी’ यांची गल्लत कोणी करत नाही. ‘उद्या येतो’ हे आज उभे राहून बोललेले. ‘ते शुक्रवारी नागपूरला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला निघाले’ यात सांगणारा गोष्टीतल्या शुक्रवारी जाऊन उभा राहिला आहे. तिथे ‘उद्या वर्ध्याला निघाले’ असे पाच वर्षांचे मूलही म्हणणार नाही. तसेच ‘काल’ आणि ‘आदल्या दिवशी’. इंग्रजीतही अगदी हेच आहे: ‘टुमॉरो’ आणि ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टर्डे’ आणि ‘द प्रीव्हियस डे’ किंवा ‘द डे बिफोर’. आजपासून मोजले तर ‘द’ नाही. गोष्टीतल्या एखाद्या दिवसापासून मोजले तर ‘द’ हवा, कारण ऐकणाऱ्याला आधी सांगितलेल्या त्या दिवसाकडे बोट दाखवावे लागते.

दिवसांच्या बाबतीत मराठी विद्यार्थी फारसा चुकत नाही, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी निरनिराळे शब्द आहेत. आठवडा, महिना, वर्ष आले की घसरतो, कारण ‘पुढच्या आठवड्यात’ हे मराठीत दोन्हीकडे चालून जाते. ‘पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे’ म्हणजे ‘नेक्स्ट वीक’. ‘परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात तो आजारी पडला’ म्हणजे ‘द नेक्स्ट वीक’. शंका आली तर वाक्यात ‘त्याच्या’ घालून पाहावे. ‘त्याच्या पुढच्या आठवड्यात तो आजारी पडला’ हे चालते. ‘त्याच्या पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे’ म्हटले तर परीक्षा आणखी लांबते. जिथे ‘त्याच्या’ अर्थ न बिघडवता बसतो, तिथे ‘द’.

‘परवा’ हा या सगळ्यातला अवली शब्द. मराठीत तो पुढेही जातो आणि मागेही. ‘परवा गेलो’, ‘परवा जाईन’ यांत क्रियापद काय ते ठरवते. इंग्रजीत एवढासा शब्दच नाही, म्हणून वर्णन करावे लागते: ‘द डे आफ्टर टुमॉरो’, ‘द डे बिफोर यस्टर्डे’. वर्णन आले म्हणजे ‘द’ आला. २००४ साली आलेल्या हवामान-प्रलयाच्या हॉलिवूडपटाचे नाव ‘द डे आफ्टर टुमॉरो’ याच रूपात आहे, जरी अमेरिकेतले लोक बोलताना त्यातला ‘द’ पुष्कळदा गिळतात. आणि ‘परवा बाजारात तुझे काका भेटले होते’ यातला सैलसर परवा, जो चार दिवसांपूर्वीचाही असू शकतो, त्याला इंग्रजीत ‘दी अदर डे’ म्हणतात.

‘लास्ट’ची गोष्ट याहून रंगतदार आहे. मराठीत ‘गेला’ आणि ‘शेवटचा’ हे दोन पूर्ण वेगळे शब्द. इंग्रजीत दोघांना मिळून एकच ‘लास्ट’. मग फरक कोण दाखवणार? ‘द’. ‘लास्ट नाइट’ म्हणजे काल रात्री. ‘द लास्ट नाइट’ म्हणजे शेवटची रात्र: सहलीतली, वसतिगृहातली, कुणाच्या आयुष्यातलीही. ‘लास्ट वीक’ म्हणजे गेला आठवडा, ‘द लास्ट वीक ऑफ मे’ म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मुलाखतीत एखादा विद्यार्थी ‘आय ॲम इन लास्ट इअर’ असे सांगतो तेव्हा त्याला शेवटच्या वर्षात आहे असे म्हणायचे असते. ऐकणाऱ्या परदेशी माणसाला मात्र तो क्षणभर गतवर्षात राहणारा भासतो. तिथे ‘द फायनल इअर’ म्हटले की काम झाले.

पण ‘द लास्ट इअर’ला आणखी एक अर्थ आहे, आणि हिशेबाच्या जगात तो महत्त्वाचा ठरतो. समजा आज मार्च महिन्याची १० तारीख आहे. ‘लास्ट इअर’ म्हणजे गेल्या वर्षीचा जानेवारी ते डिसेंबर. ‘इन द लास्ट इअर’ किंवा ‘ओव्हर द लास्ट इअर’ म्हणजे गेल्या मार्चपासून आजपर्यंतचे बारा महिने. एखाद्या कंपनीने विक्री वाढल्याचे सांगताना यांपैकी कोणता प्रयोग केला, यावर आकडा कोणत्या महिन्यांचा हे ठरते. मराठीत हा भेद ‘भर’ करते: ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’. म्हणून ‘गेल्या महिन्यात’ असेल तर ‘लास्ट मंथ’, ‘गेल्या महिन्याभरात’ असेल तर ‘द लास्ट मंथ’. ‘पुढच्या आठवड्यात’ला ‘नेक्स्ट वीक’, ‘येत्या आठवडाभरात’ला ‘ओव्हर द नेक्स्ट वीक’. भाषांतर करणाऱ्याने एवढा ‘भर’ सांभाळला तरी त्याच्या निम्म्या चुका कमी होतील.

याच जागी महाराष्ट्रातल्या, किंबहुना भारतभरच्या, रजेच्या अर्जांतले सर्वांत लाडके वाक्य येते: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स लास्ट टू डेज.’ हे ‘गेल्या दोन दिवसांपासून’चे प्रामाणिक भाषांतर आहे. ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’, ‘गेल्या’ म्हणजे ‘लास्ट’. पण ‘सिन्स’ला सुरुवातीचा ठिपका लागतो: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स जून’. दोन दिवस हा ठिपका नाही, लांबी आहे. लांबीला ‘फॉर’ लागतो. आणि मोजलेली लांबी म्हटली की ‘लास्ट’च्या आधी ‘द’ येतो: ‘फॉर द लास्ट टू डेज’. यातला ‘द’ आजपासून मोजूनही का येतो? कारण ‘लास्ट वीक’ हे एका ठरावीक आठवड्याचे जणू टोपणनाव आहे, तर ‘द लास्ट टू डेज’ म्हणजे होऊन गेलेल्या सगळ्या दिवसांतले अगदी अलीकडचे दोन, मोजून वेगळे काढलेले. मराठीत ‘गेले दोन दिवस ताप आहे’ असेही वाक्य आहेच, प्रत्यय नसलेले आणि लांबी दाखवणारे. अर्ज लिहिण्यापूर्वी मनात ‘गेल्या दोन दिवसांपासून’ऐवजी ‘गेले दोन दिवस’ आणले, तर ‘सिन्स’ हातून सुटण्याचा संभव बराच कमी होतो.

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकावर भारतातल्या कित्येक पिढ्या पोसल्या. त्यातले रेन म्हणजे १९२४ च्या ‘बो जेस्ट’ या साहसकादंबरीचे लेखक पी. सी. रेन, ते इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. पुस्तके बदलली, इयत्ता बदलल्या, तरी आर्टिकलचा धडा बहुधा नद्या, डोंगर आणि वर्तमानपत्रांच्या नावांवरच रेंगाळतो. ‘द गंगा’, ‘द हिमालयाज’ सगळ्यांना पाठ असते. पण गंगेबद्दल इंग्रजीत बोलण्याची वेळ वर्षातून कितीदा येते? ‘गेल्या महिन्यात’ आणि ‘दुसऱ्या दिवशी’ मात्र रोज लागतात.

ऋतूंकडे वळले की आपल्या हवामानाशी थेट गाठ पडते. ‘इन समर’ आणि ‘इन द समर’, ‘इन विंटर’ आणि ‘इन द विंटर’ दोन्ही चालतात. सर्वसाधारण उन्हाळ्याबद्दल बोलताना ‘द’ गाळण्याकडे कल असतो, एखाद्या विशिष्ट उन्हाळ्याबद्दल बोलताना लावण्याकडे. अमेरिकन माणूस शरद ऋतूला ‘फॉल’ म्हणतो आणि तिथे ‘इन द फॉल’ असाच प्रयोग करतो, कारण ते मूळचे ऋतूचे नाव नाही, पानगळीचे वर्णन आहे. आपल्या पावसाळ्याचेही असेच झाले. इंग्लंडमध्ये पाऊस बारा महिने पडतो. पावसाचा म्हणून वेगळा ऋतू त्या भाषेला ठाऊक नव्हता. तो समुद्रमार्गाने शिकावा लागला. अरबीतला ‘मौसिम’ पोर्तुगीजांमार्फत ‘मॉन्सून’ होऊन इंग्रजीत गेला. मराठीतला ‘मोसम’ही त्याच अरबी शब्दापासून आलेला. अशा उसन्या शब्दाला समर-विंटरच्या पंक्तीत नावाचा मान मिळाला नाही, म्हणून ‘इन द मॉन्सून’, ‘ड्युरिंग द मॉन्सून’ आणि ‘इन द रेनी सीझन’. महाबळेश्वर किंवा लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या जाहिरातींत ‘इन मॉन्सून’ असे छापलेले असते. तिथे एक ‘द’ कमी पडला आहे.

तारखांमध्ये ‘द’ लपून बसतो. इंग्लंडमध्ये ‘१५ ऑगस्ट’ असे लिहितात आणि वाचताना ‘द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट’ असे वाचतात. कागदावर ‘द’ नाही, ‘ऑफ’ नाही. तोंडात दोन्ही आहेत. कारण ‘पंधरावा’ म्हटले की कशातला तरी पंधरावा, आणि क्रमवाचक विशेषणाला इंग्रजीत बहुधा ‘द’ लागतोच. अमेरिकन माणूस ‘ऑगस्ट फिफ्टीन्थ’ म्हणून मोकळा होतो. पण स्वतःच्या स्वातंत्र्यदिनाला मात्र तो आजही ‘द फोर्थ ऑफ जुलाय’च म्हणतो. सणाच्या नावात जुने रूप टिकून राहिले. आपल्याकडे शाळेच्या व्यासपीठावरून ‘फिफ्टीन्थ ऑगस्ट’ ऐकू येते. हे ना ब्रिटिश, ना अमेरिकन, अस्सल भारतीय. इथे ते सगळ्यांना समजते आणि आता ते रुळलेही आहे. लंडनच्या श्रोत्यांपुढे मात्र ‘द’ आणि ‘ऑफ’ घालावेत.

कायद्याच्या भाषेत तारखेचा थाट आणखी वेगळा. कोर्टाच्या आवारात टाइप होणाऱ्या इंग्रजी करारनाम्यांत आणि प्रतिज्ञापत्रांत ‘ऑन धिस ट्वेल्फ्थ डे ऑफ मार्च’ अशी धाटणी असते. खुद्द भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत ‘धिस ट्वेंटी-सिक्स्थ डे ऑफ नोव्हेंबर, १९४९’ असे आहे. क्रमवाचक असूनही तिथे ‘द’ नाही, कारण त्याची जागा ‘धिस’ने घेतली, एका नामापुढे दोन बोटे दाखवायची नसतात. मराठी उद्देशिकेत त्या ‘धिस’चे काम ‘आज दिनांक’ करते आणि शेवटी ‘रोजी’ येते. टंकलेखकांच्या हातून मात्र पुष्कळदा ‘ऑन धिस द ट्वेल्फ्थ डे’ निघते. जुन्या दस्तांतही ते आढळते आणि त्यामुळे कोणाचा करार रद्द ठरत नाही.

घड्याळातही एक ‘द’ दडलेला आहे. ‘फाइव्ह ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ म्हणजे ‘ऑफ द’चे उरलेले अक्षर. घड्याळाप्रमाणे पाच, असा त्याचा मूळ अर्थ; सूर्याप्रमाणे नव्हे. चौदाव्या शतकात कवी चॉसर लिहीत होता तेव्हा तो प्रयोग अजून पूर्ण रूपात होता. पुढे ‘फ’ गेला, ‘द’ गेला आणि फक्त वरचा स्वल्पविराम मागे राहिला.

किरकोळ गोष्टी पटकन उरकता येतील. जोडशब्दांत ‘द’ टिकत नाही: ‘डे आफ्टर डे’, ‘नाइट अँड डे’, ‘फ्रॉम मॉर्निंग टु नाइट’. मराठीतही अशा जोड्यांत प्रत्यय गळतात, ‘रात्रंदिवस’ पाहा. जेवणांना ‘द’ नाही: ‘आफ्टर लंच’, ‘बिफोर डिनर’. पण लग्नात वाढलेल्या जेवणाला नावे ठेवायची असतील तर ‘द लंच’. ‘दिवसभर’साठी ‘ऑल डे’ला ‘द’ नको, ‘होल डे’ला हवाच: ‘द होल डे’. ‘ॲट द मोमेंट’ला ‘द’, त्याच अर्थाच्या ‘ॲट प्रेझेंट’ला नाही. ‘ॲट फर्स्ट’ला नाही, ‘इन दी एंड’ला आहे. इथे कारणे शोधण्यापेक्षा पाठ केलेले बरे.

पुण्या-मुंबईच्या ज्या कचेऱ्यांतून दुपारी लंडनशी आणि रात्री न्यूयॉर्कशी बोलणे चालते, तिथे आणखी एक अडचण येते: दोन्हीकडचे साहेब सारखे बोलत नाहीत. शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. ‘द’ दोघांनाही हवा. ‘फ्युचर’च्या बाबतीत मात्र तोच ‘द’ वादाचा आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘इन फ्युचर’ म्हणजे यापुढे, आणि ‘इन द फ्युचर’ म्हणजे भविष्यकाळात केव्हातरी. अमेरिकन इंग्रजीत दोन्हींसाठी ‘इन द फ्युचर’च चालते. म्हणून लंडनहून आलेल्या मेलमध्ये ‘इन फ्युचर’ने सुरू होणारे वाक्य दिसले तर ती तंबी समजावी. न्यूयॉर्कहून तेच वाक्य ‘इन द फ्युचर’ने सुरू होऊन आले, तर तीही तंबीच असते, भविष्यवाणी नव्हे.